नोंदीतलं नाव

“आंबोळे सर, घर बांधताय का प्रोजेक्ट करताय?” मी विचारलं आणि खोलीतले सगळे हसले.

सरही हसले. त्यांच्यासमोर पडद्यावर एक रिकामं फोल्डर उघडं होतं आणि मांडीवर शंभर पानी शाळकरी वही. वहीत ते पेन्सिलीनं चौकोन काढत होते. नवीन काम सुरू करायची त्यांची ही रीत होती. आधी रिकामं फोल्डर, मग वहीत आराखडा, मग एकेक गोष्ट आपल्या हातानं आत ठेवायची आणि प्रत्येक गोष्ट ठेवली की ती नीट चालते का ते बघायचं. दोन दिवस तर नुसत्या मांडणीतच जायचे.

“घरच की गं,” सर म्हणाले. “पाया आपला आपण खणलेला बरा. खाली काय पुरलंय ते ठाऊक असतंय.”

“आणि जुनं घर तयार असताना?”

“जुन्यात जुन्याच्या खोडी असत्यात, पोरी.”

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत, विश्रामबागेत, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आमची सात माणसांची कंपनी होती. लोकांना दिसतो तो मोबाइलचा पडदा. आम्ही करायचो ते त्याच्या मागचं काम. सरकारी कचेरीची खिडकी असते ना, बाहेरून चिठ्ठी सरकवायची आणि आतून उत्तर यायचं, तशातला प्रकार. आत कोण धावपळ करतोय हे बाहेरच्याला दिसत नाही आणि दिसायची गरजही नसते. आमच्या धंद्यात या खिडक्यांना एपीआय म्हणतात.

निवास आंबोळे त्या वेळी एक्कावन्न वर्षांचे होते. आधी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा चाळिशी उलटलेला हा माणूस पोरांच्या बाकावर जाऊन बसला आणि प्रोग्रामिंग शिकला. मी कंपनीत आले ती पहिल्या वर्गाची पदवी घेऊन, पण काम म्हणाल तर शून्य. जे काही आलं ते सरांनी शिकवलं. माझी चूक ते कधी चारचौघांत दाखवायचे नाहीत. जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हणायचे, “स्वरूपा, ते सकाळचं एकदा बघ की परत.” अशा माणसाची मी टिंगल करत होते. माझा हात झरझर चालतो, याचा मला केवढा गर्व होता!

शुक्रवारी दुपारी मालकांनी, बेडगेसाहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

“मिरजेच्या नेत्रपेढीचं काम आलंय,” ते म्हणाले. “बुबुळ बसवायला थांबलेल्या पेशंटची यादी आहे त्यांच्याकडं. कुणी मरणोत्तर डोळे दिले, की यादीत ज्याचा नंबर आहे त्याला लगेच मेसेज गेला पाहिजे. सोमवारी ट्रस्टींना दाखवायचंय.”

“सोमवारी? साहेब, आंबोळे सर तर मांडणीलाच दोन दिवस—”

“म्हणून तर तुला देतोय.”

मी तरंगतच बाहेर आले. संध्याकाळी घरी सांगितलं आणि वडिलांनी, एसटीतल्या साध्या कंडक्टरनं, रात्री सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पोरगी आता स्वतःचं काम बघणार म्हणून.

ही नेत्रपेढी ज्या रुग्णालयाची, त्याच रुग्णालयासाठी सरांनी दोन वर्षांपूर्वी एक प्रोजेक्ट केला होता. पेशंटला तपासणीच्या तारखेची आठवण करून देणारा. मी ते फोल्डर उचललं, जसंच्या तसं नव्या नावानं उतरवून घेतलं, वरवरची चार नावं बदलली आणि मोकळी झाले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. अर्ध्या तासात नवा प्रोजेक्ट उभा!

सर पाणी भरून घ्यायला उठले होते. माझ्या खुर्चीमागं थांबले.

“झालं पण?”

“झालं.”

“आतलं सगळं बघून घेतलंस न्हवं? सेटिंगची फाईल?”

“हो सर, बघितली.”

बघितली नव्हती. उघडलीसुद्धा नव्हती. तोंडातून हो निघून गेलं, एवढंच.

शनिवारी रुग्णालयातून यादी आली. त्रेसष्ट नावं, गावं, फोन नंबर. चाचणीसाठी खोटी नावं तयार करायची, खऱ्यांना हात लावायचा नाही, हे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण त्यात तासभर मोडला असता. मी खरी यादीच आत भरली आणि संदेशाचा मजकूर लिहिला: आपल्यासाठी बुबुळ उपलब्ध झाले आहे. उद्या सकाळी आठ वाजता उपाशीपोटी, पाणीही न पिता, रुग्णालयात हजर राहावे.

संदेश बाहेर जायला मोबाइल कंपनीकडून मिळालेली एक किल्ली लागते. अक्षरं आणि आकडे मिळून एक लांबलचक ओळ असते ती. नव्या प्रोजेक्टला मी किल्ली दिलेलीच नव्हती. त्यामुळं हा सगळा लुटुपुटूचा खेळ आहे अशी माझी पक्की समजूत. एकेक नाव कुठं तपासत बसायचं म्हणून मी त्रेसष्टच्या त्रेसष्ट नावांवर चाचणी चालवली. पडद्यावर उत्तर आलं: पाठवले त्रेसष्ट, अयशस्वी शून्य.

मी खूश झाले. पर्स उचलली. वाटेत मैत्रिणीबरोबर भेळ खाल्ली आणि तिला सांगितलं, की आमच्या ऑफिसात एकेकजण दोन दोन दिवस वहीत चौकोन काढत बसतात.

रविवारी सकाळी साडेआठला बेडगेसाहेबांचा फोन आला.

“खाली ये. आंबोळेंना घेतलंय गाडीत.”

“काय झालं साहेब?”

“तिथं गेल्यावर बघ काय झालंय ते.”

मिरजेला पोचलो तर रुग्णालयाचं अंगण माणसांनी भरलेलं. रविवारी तिथं चिटपाखरू नसतं. कुणी पायरीवर बसलेलं, कुणी झाडाखाली चादर अंथरून. जवळजवळ प्रत्येकाबरोबर एक हात धरणारं माणूस होतं. बऱ्याच जणांनी ठेवणीतले कपडे घातले होते. माझे मेसेज खरंच गेले होते, हे मला ते बघूनच कळलं.

नेत्रपेढीच्या प्रमुख डॉक्टर उपाध्येमॅडम केबिनमध्ये उभ्याच होत्या. साठीच्या, बारीक चणीच्या बाई. आवाज चढवला नाही त्यांनी, आणि तेच जास्त लागलं.

“एक्केचाळीस माणसं आलीत,” त्या म्हणाल्या. “बाकीची वाटेत असतील. जत, आटपाडी, पार विजापूरकडून. माझ्याकडं आज एकही बुबुळ नाही. बेडगे, हे कोणी केलं एवढं मला सांगा.”

बेडगेसाहेबांनी बॅगेतून लॅपटॉप काढला. आमच्याकडं प्रत्येक कामाची नोंद आपोआप होते. कोणी केलं, कधी केलं, काय केलं, सगळं ओळीनं दिसतं. साहेबांनी नोंद उघडली आणि त्यांची भुवई वर गेली.

“आंबोळे,” ते म्हणाले, “तुमचं नाव आहे.”

निवास आंबोळे. शनिवार, चार वाजून छत्तीस मिनिटं.

ते नाव तिथं कसं आलं हे मला त्याच क्षणी कळलं. दोन वर्षांपूर्वी जुनं फोल्डर तयार करताना सरांनी त्यात आपलं नाव घातलं होतं. मी फोल्डर उचललं ते नावासकट. मी केलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या नावावर चढत गेली होती. आणि सेटिंगच्या ज्या फाईलीत मी डोकावलेही नव्हते, तिच्यात जुनी किल्ली तशीच होती. खरी, चालू किल्ली.

सरांनी वाकून पडदा वाचला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचलं. मग सरळ उभे राहिले आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. जेवणाच्या सुट्टीत बघायचे ना, तसंच.

मी बोलणार होते. आजही शपथेवर सांगते, मी बोलणार होते. पण मॅडम बघत होत्या, साहेब बघत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढं आला वडिलांच्या हातातला पेढ्यांचा पुडा. मी मूग गिळून उभी राहिले. सर थांबले. मी खाली फरशीकडं बघायला लागले. सर आणखी थांबले.

“किल्ली त्या फाईलीत मीच ठेवली होती, मॅडम,” शेवटी ते म्हणाले. “काम झाल्यावर काढून ठेवायला पाहिजे होती. चूक झाली माझ्याकडनं.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. किल्ली खरंच त्यांनी ठेवली होती. त्यांनी आपल्या वाट्याचं खरं सांगितलं. माझ्या वाट्याचं माझ्याकडं होतं आणि ते मी तोंडातच ठेवलं.

“मला सांगून काय उपयोग?” मॅडम म्हणाल्या. “बाहेर जाऊन त्यांना सांगा.”

सर बाहेर गेले. पायरीवर उभे राहिले, टायपिंगच्या वर्गात उभे राहत असतील तसे, हात मागं बांधून. “मंडळी, ऐका जरा,” ते म्हणाले. “काल तुम्हाला आलेला मेसेज चुकून गेला. कुणाचाच नंबर लागलेला नाही. ही चूक दवाखान्याची न्हाई, डॉक्टरांची न्हाई. माझी आहे. मी आंबोळे. मला काय बोलायचं ते बोला.”

लोक बोलले. एका पोरग्यानं तर सरांची कॉलर धरली. त्याच्या आंधळ्या बापानं काठी चाचपत मधे पडून ती सोडवली. मी खांबाआड होते. तेवढ्यात कुणीतरी माझी ओढणी ओढली.

पायरीच्या कडेला एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, दोन्ही डोळ्यांत दुधासारखी साय. शेजारी तिचा भाऊ मान खाली घालून बसलेला.

“डाक्टरीण का गं तू?” तिनं विचारलं.

“नाही मावशी.”

“आवाज नर्सबाईवानी हाय. ऐक की. मी गौरव्वा. चार वर्सं झाली नाव घालून. त्यो मानूस काय म्हनतोय मला कळंना झालंय. काल सांजच्यापासनं पाण्याचा थेंब न्हाई घेतला मी. लिवलंच हुतं तसं. आता पिऊ का पाणी? का अजून दम धरू?”

भावानं तोंड फिरवलं. सांगायचं धाडस त्याच्यातही नव्हतं.

“प्या मावशी,” मी म्हणाले.

“म्हंजी आज न्हाई?”

“आज नाही.”

“उद्या?”

माझ्या पर्समध्ये बाटली होती, ती मी तिच्या हातात दिली. ती घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि बाटली परत देताना अंदाजानंच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “देव तुझं भलं करील बाई.” तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

मंगळवारी आंबोळे सरांनी टेबल आवरलं. रुग्णालयानं लेखी मागितलं होतं, की जबाबदार माणसाला कामावरून काढल्याशिवाय पुढं बोलणं नाही. एक्कावन्नाव्या वर्षी, असा डाग घेऊन, त्यांना दुसरीकडं कोण विचारणार होतं? हे ऑफिसात सगळ्यांना कळत होतं. जाताना त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला. माझ्याशीही. मी म्हणाले, “सर, मी...” आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांना चहाला हाक मारली. खरं सांगायचं तर त्या हाकेचे मी मनातल्या मनात आभार मानले.

नेत्रपेढीचं काम माझ्याकडंच राहिलं. जुनं फोल्डर पुसून टाकलं आणि रिकाम्यापासून सुरुवात केली. चार दिवस लागले. या वेळी कुणी हसलं नाही.

महिन्याभरानं मला उत्पन्नाचा दाखला हवा होता म्हणून तहसील कचेरीत गेले. फाटकाबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्यांची रांग असते. तिसऱ्या टेबलाशी आंबोळे सर बसले होते. वर मेणकापड, टेबलावर जुना लॅपटॉप, बॅटरीवर चालणारा प्रिंटर. एक म्हातारा जमिनीची काहीतरी तक्रार सांगत होता आणि सर त्याच्याकडं बघत बघत टाइप करत होते. मी उलट फिरणार, तेवढ्यात त्यांनी बघितलंच.

“स्वरूपा! ये की. चहा घेतीस?”

चहा आला.

“नेत्रपेढीचं कसं चाललंय?”

“परत पहिल्यापासून केलं, सर. रिकाम्या फोल्डरपासून.”

“बरं केलंस.” त्यांना खरंच बरं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी कप खाली ठेवला. “त्या दिवशी मी थांबलो होतो बघ. चांगला मिनिटभर. मला वाटलं, ही बोलंल आता.”

मी रडायला लागले. भर रस्त्यात, अर्जदारांच्या गर्दीत.

“रडू नगंस,” ते म्हणाले. “मी काय भांडायला बोलावलं न्हाई तुला. एवढंच मनात होतं, ते बोललो.” आणि ते म्हाताऱ्याकडं वळले. “हां, सांगा. गट नंबर किती म्हणालात?”

दाखला राहिला तिथंच. मी रिक्षा करून थेट ऑफिस गाठलं आणि न विचारता केबिनमध्ये शिरले.

“साहेब, त्या शनिवारचं काम माझं होतं. सरांचं नव्हतं.”

बेडगेसाहेबांनी हातातला कागद बाजूला ठेवला. “माहितीय मला.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. काम तुला दिलं होतं, पण नोंदीत नाव बघून आधी वाटलं, आंबोळेंनी हात लावला असेल. मिरजेहून येताना गाडीत वीस मिनिटं तू एक शब्द बोलली नाहीस. तू वीस मिनिटं गप्प बसणारी पोरगी नव्हेस.”

“मग तुम्ही...”

“मी काय? मॅडमना एक नाव पाहिजे होतं, ते मिळालं. आंबोळेंनी अंगावर घेतलं, तू घेऊ दिलंस, मी बघत बसलो. तिघांनी मिळून केलंय हे.” त्यांनी कपाळ चोळलं. त्यांनाही ते टोचत होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. “आज बोललीस, चांगलं केलंस. आता लिहून दे. चार ओळी पुरेत. काय झालं, कसं झालं, खाली तुझी सही. मी आत्ता मिरजेला जातो आणि मॅडमपुढं ठेवतो. आंबोळेंना सोमवारी त्यांच्या खुर्चीवर आणून बसवतो. माझा शब्द.”

“आणि माझं?”

“तुझं मॅडम ठरवतील. मी तुझ्या बाजूनं बोलीन. पण त्याचा शब्द देत नाही.”

त्यांनी कोरा कागद माझ्याकडं सरकवला, वर स्वतःचं पेन ठेवलं आणि गाडीची किल्ली हातात घेऊन उभे राहिले.

मी बसले. तारीख घातली. प्रति लिहिलं. खाली मॅडमचं नाव, रुग्णालयाचं नाव, विषय. मग पेन थांबलं. घरी काय सांगायचं, गल्लीत काय तोंड दाखवायचं, पुढं कोण नोकरी देणार, एकामागून एक सगळं डोक्यात यायला लागलं. रडताना यातलं काहीच आठवलं नव्हतं.

“साहेब,” मी म्हणाले, “नीट शब्द जुळवून लिहिते. उद्या देते.”

बेडगेसाहेबांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले.

“बरं,” ते म्हणाले. “उद्या दे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद मागितला नाही, आणि मी दिला नाही.